पिवळ्या रंगाची मागणी कशी उतरवायची? गूळ, बेदाणा, हळद

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. सांगलीत एका किराणा दुकानाच्या कप्प्यात तीन माल मांडायचे आहेत: हायड्रॉस (रंग उजळवणारं रसायन) न घातलेला गूळ, गंधकाची धुरी न दिलेला बेदाणा आणि वरून रंग न चढवलेली हळद. तिन्ही आपल्या मातीतले. बेदाण्याला 2016 साली आणि हळदीला 2018 साली सांगलीच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालं. गूळ तर कृष्णा-वारणाकाठचा घरचाच.

तिन्हींची अडचण एकच, पिवळा रंग. गिऱ्हाईक पिवळाधमक गूळ, सोनेरी बेदाणा आणि झळझळीत हळकुंड मागतं. माल तपकिरी किंवा मळकट दिसला की हात मागे जातो. या तिन्हींत रसायन पडतं ते चवीसाठी नव्हे, रंगासाठी. म्हणजे गुळाच्या गुऱ्हाळात, बेदाण्याच्या शेडवर आणि हळद घासायच्या ड्रममध्ये काय पडणार हे दुकानातलं बोट ठरवतं.

आता संक्रांत येईल, मग पाडवा, मग उन्हाळी तिखट-हळद. तेवढ्यात गिऱ्हाइकाची नजर कशी वळवायची? पाटी, भाव, चव, लेबल, पॅकिंग यातलं काय चालतं आणि काय फसतं ते नेमकं सांगा.

पेठकर
पहिली चूक नावात होते. "काळा गूळ" अशी पाटी लावली की जळका किंवा जुना माल डोळ्यासमोर येतो. नाव पद्धतीवरून द्या: "भेंडीने साफ केलेला गूळ". ऐकणारा लगेच विचारतो, भेंडीने म्हणजे कसं? तिथे बोलणं सुरू होतं.

दुसरी चूक मांडणीत. पिवळ्या ढेपेला खेटून तपकिरी ढेप ठेवली की डोळा तुलना करतो, आणि तुलनेत फक्त रंग दिसतो. दोन्ही ठेवायचे असतील तर मध्ये चार हात अंतर हवं, आणि आपला माल वजनकाट्याजवळ, डोळ्याच्या उंचीवर. बरीच गिऱ्हाइकं नुसतं "अर्धा किलो गूळ द्या" म्हणतात. त्या वेळी दुकानदार कोणता उचलतो यावर निम्मा खेळ आहे. प्रकार सांगितला नसेल तर हाच पुढे करा, पण भाव आधी सांगून. न सांगता महाग माल बांधला तर गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते परत पायरी चढत नाही.

तिसरं, माप. अनोळखी माल कोणी किलोने नेत नाही. पाव आणि अर्धा किलोचे तुकडे तयार ठेवा.

गुळव्या_वाळवा
कृष्णाकाठ दादा, रंग नेमका कुठं बिघडतोय ते आधी दुकानदाराला कळायला पाहिजे. तरच तो गिऱ्हाइकाला सांगू शकंल.

ऊस तोडल्यापासून 24 तासांच्या आत गाळायला पाहिजे. पाचट, मुळ्या आणि शेंड्याकडचा कोवळा भाग काढून टाकायचा, कारण शेंड्यात साखर कमी आणि रंग बिघडवणारे घटक जास्त. रानभेंडीचं खोड ठेचून पाण्यात चोळलं की तारेसारखा चिकट रस सुटतो. रस तापायला लागला की त्यातला निम्मा काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, घालायचा. काळी मळी वर येते ती झाऱ्यानं पूर्ण उचलायची आणि मग उरलेली भेंडी घालायची. खरी मेख इथं आहे. पहिली मळी निघायच्या आधी जाळ वाढवला की रस उसळतो, मळी फुटून रसात मिसळते आणि परत वर येत नाही. मग पाक काळवंडतो, आणि तो उजळायला शेवटी हायड्रॉस टाकतात.

चुन्याची निवळी मापात पाहिजे. कमी पडली तर गूळ आंबूस आणि मऊ राहतो, जास्त झाली तर रंग गडद होतो. ढेपेचा गूळ 116 ते 118 अंशांवर उतरवायचा, काकवी 105-106 वरच. साधारण 100 किलो उसाला 10 ते 12 किलो गूळ पडतो. हायड्रॉसनं उतारा वाढत नाही. वाढतो फक्त लिलावातला भाव.

म्हणून चांगला गुळव्या आणि घाई नसलेली काहील असंल तर रसायनाशिवायही गूळ सोनेरी-तपकिरी उतरतो.

रसायनवाला
गुळव्या दादांच्या माहितीला थोडी जोड. हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. ते रंगद्रव्य बाहेर काढत नाही, फक्त रासायनिक क्रियेने फिकं करतं. ढेप हवेत राहिली की ऑक्सिजनमुळे रंग पुन्हा गडद होऊ लागतो. हायड्रॉसचा पिवळाधमक गूळ पावसाळ्यापर्यंत ठेवला की डाग पडल्यासारखा काळवंडतो, तो याच कारणाने. दुकानदाराला दाखवायला ही सोपी गोष्ट आहे: दोन्ही गुळांचा एकेक तुकडा, खाली तारीख लिहून, बशीत उघडा ठेवायचा. दर आठवड्याला फोटो काढून तेच फोटो ओळीने लावायचे.

गंधकाचा अंश सल्फर डायऑक्साइड म्हणून मोजतात. गुळासाठी आपल्या नियमांत 70 पीपीएमची (किलोला 70 मिलिग्रॅम) मर्यादा आहे. घरी पाण्यात विरघळवून तळाला खडूची पूड किंवा माती बसते का ते कळतं, हायड्रॉस कळत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. "घरच्या घरी ओळखा" अशी पाटी लावून भलती चाचणी सांगू नका.

विट्याची_ताई
म्हणजे काळा तो शुद्ध, असंच ना?

गुळव्या_वाळवा
नाही ताई, आणि हे मोठ्यानं सांगायची गरज आहे. शिळ्या उसाचा गूळ काळा होतो. काहिलीच्या बुडाला लागलेला गूळ काळा होतो. नत्राचा डोस जास्त झालेल्या उसाचाही गडद येतो. क्षारपड रानातला ऊस असंल तर गूळ गडद होतो आणि खारट लागतो. मिरज-वाळव्याच्या नदीकाठाला पाणी देऊन देऊन चोपण झालेली रानं किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. पिवळ्याच्या मागं लागलेलं गिऱ्हाईक उद्या काळ्याच्या मागं लागलं तर जळका गूळ "शुद्ध" म्हणून खपंल.

कृष्णाकाठ
हे फार महत्त्वाचं सांगितलंत. मग पाटीवर रंगाचं नावच नको. रंगावरून नजर काढायची असेल तर गिऱ्हाइकाने काय बघावं?

गुळव्या_वाळवा
ढेप फोडून बघायची. ताज्या फुटलेल्या बाजूला कण दिसला पाहिजे, रव्याच्या लाडवासारखा. काचेसारखी गुळगुळीत आणि टणक असंल तर साखर घातल्याची शंका घ्यावी. मग जिभेवर: खारट नाही, आंबूस नाही, शेवटाला कडवट नाही. आणि तीन प्रश्न: रस कशानं साफ केला, ऊस तोडून किती वेळानं गाळला, काहिलीखाली काय जाळलं.

चिपाड
तिसऱ्या प्रश्नाबद्दल आभार, त्यावर कोणी बोलत नाही. चुलाण, म्हणजे काहिलीखालची भट्टी, नीट बांधलेलं असेल तर गाळलेल्या उसाच्या चिपाडावरच गुऱ्हाळ चालतं. ओलं चिपाड दोन-तीन दिवस उन्हात पसरून वाळवावं लागतं. अवकाळीत भिजलं, किंवा चुलाणात हवा नीट खेळत नसेल, तर जाळ कमी पडतो. मग काही ठिकाणी जुने टायर आणि प्लॅस्टिक चुलाणात जातं. धुराड्यातून काळा धूर दिसला की समजावं. तो धूर गुऱ्हाळावरच्या माणसांच्या छातीत जातो आणि शेजारच्या रानावर बसतो. "भेंडीने साफ केलेला" असं लेबलवर लिहिणार असाल तर त्याखाली "फक्त उसाच्या चिपाडावर शिजवलेला" हेही लिहा, अर्थात खरं असेल तरच. चुलाणाचा आणि वाळत घातलेल्या चिपाडाचा एक फोटो दुकानात लावा. शंभर शब्दांचं काम होतं.

तासगावकर
आता बेदाण्याकडे या. कृष्णाकाठ, तुमच्या पहिल्या पोस्टमधली एक ओळ दुरुस्त करतो. गंधक फक्त रंगासाठी नसतं. धुरीमुळे बुरशी आणि कीडही रोखली जाते. त्यामुळे बिनधुरीचा माल विकताना साठवणीची जबाबदारी अंगावर येते, ते गृहीत धरूनच उतरा.

कृती अशी. द्राक्षाची गोडी 22 ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) पुढे गेली पाहिजे. एक लिटर पाण्याला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑइल, म्हणजे इथाइल ओलिएट. यात घड 2 ते 4 मिनिटं बुडवायचा. सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि शेडमधल्या जाळीवर 12 ते 15 दिवसांत माल सुकतो. साधारण 4 किलो द्राक्षाचा 1 किलो बेदाणा. सावलीत नीट सुकला तर तो हिरवट-पिवळसर असतोच. एकसारखा सोनेरी दिसावा म्हणून मग धुरी देतात. न बुडवता, न धुरी देता सुकवला तर दिवस बरेच जास्त लागतात आणि सालीतल्या एन्झाइममुळे तो तपकिरी होतो, सफरचंदाची फोड तपकिरी होते तसा.

पण गुळाचीच गोष्ट इथेही आहे. अवकाळीत भिजलेला बेदाणाही तपकिरी-काळा पडतो. फरक असा: चांगला तपकिरी बेदाणा मुठीत दाबून सोडला की दाणे सुटे होतात. भिजलेला चिकटून गोळा होतो, आंबूस वास येतो, देठाच्या टोकाशी पांढुरकी बुरशी दिसते. दुकानात माल घेताना 15 किलोच्या बॉक्सचा वरचा थर बघू नका, तळातून मूठभर काढून बघा.

अन्नपूर्णा_मिरज
तासगावकर दादा, घरी किती टिकतो तेही सांगा. बायकांचा पहिला प्रश्न तोच असतो.

तासगावकर
ताई, हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये सहज काही महिने. बाहेर, विशेषतः पावसाळ्यात, ओल धरतो. म्हणून 250 ग्रॅमचीच पाकिटं करा आणि त्यावर "उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा" असं ठळक लिहा. दुकानानेही एकदम माल भरू नये. शीतगृहात सुमारे 4 अंशांवर माल चांगला राहतो, तिथून पंधरा दिवसांच्या विक्रीपुरता उचलावा. स्वस्त पडतो म्हणून 10 बॉक्स दुकानात आणून ठेवले आणि जूनमध्ये अळी निघाली, तर दोष बिनधुरीच्या मालावर येतो. एका पाकिटात अळी दिसली की ते गिऱ्हाईक आयुष्यभर सोनेरीच घेतं.

लेबलवाचक
लेबलचं मी सांगते. तीन शब्द लोक सर्रास मिसळतात: सेंद्रिय, नैसर्गिक, रसायनविरहित. तिन्ही वेगळे आहेत.

गुळात हायड्रॉस पडला नाही, पण ऊस युरियावर वाढला, तर तो गूळ "सेंद्रिय" नाही. "जैविक भारत" हे चिन्ह लावायचं तर एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सेंद्रिय प्रमाणनाच्या दोन पद्धतींतलं एक प्रमाणपत्र लागतं. पहिल्यात त्रयस्थ संस्था तपासणी करते. दुसऱ्यात किमान 5 शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो, म्हणून तो लहान शेतकऱ्याला परवडतो. उसासारखं पीक वर्षभराच्या पुढे रानात राहतं आणि त्याचा खोडवाही घेतात, त्यामुळे रूपांतराची (रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे जाण्याची) वर्षं मोजताना आधी प्रमाणन संस्थेला विचारा, अंदाजाने तारीख छापू नका.

"नैसर्गिक", "पर्यावरणपूरक", "हरित" हे शब्दही आता मोकाट वापरता येत नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. दावा नेमका हवा आणि त्यामागे पुरावा हवा. "पर्यावरणपूरक गूळ" हा मोघम दावा झाला. "हायड्रॉस वापरलेला नाही, सल्फर डायऑक्साइडचा तपासणी अहवाल दुकानात पाहायला मिळेल" हा नेमका. त्यात बॅच क्रमांक घाला आणि अहवालाची प्रत काउंटरखाली ठेवा.

बेदाण्याच्या पाकिटावर एक गोष्ट गिऱ्हाइकालाही शिकवता येईल. सल्फाइट किलोला 10 मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर ते लेबलवर जाहीर करावं लागतं. पाकीट उलटून "सल्फाइट" किंवा "आयएनएस 220" (सल्फर डायऑक्साइडचा क्रमांक) शोधायची सवय लागली तर तुमच्या पाटीची गरजच कमी होईल.

पेठकर
लेबलवाचक ताई, सगळं बरोबर, पण काउंटरवर एवढं कोण वाचणार? सकाळी दहाच्या गर्दीत गिऱ्हाईक चार सेकंद थांबतं. पाटीवर एक ओळ. बाकी सगळं पाकिटाच्या मागे.

लेबलवाचक
मान्य. पण ती एक ओळ खरी ठरवायला मागची दहा कागदं लागतात. ती आधी, पाटी नंतर.

हळदगड्डा
हळदीत गोंधळ जास्त आहे, कारण पॉलिश आणि रंग या दोन गोष्टी लोक एकच समजतात. ओली हळद शिजवून 10-15 दिवस वाळवली की वर मुळ्या आणि खरबरीत साल राहते. ड्रममध्ये घासून ती काढणं म्हणजे पॉलिश. त्यात वाईट काही नाही. वाईट सुरू होतं ते घासताना वरून रंग चढवला की. हळदीत बाहेरचा कोणताही रंग चालत नाही. त्यातही लेड क्रोमेट या पिवळ्या रंगात शिसं असतं. हे पोटात जाणं लहान मुलांना किती घातक आहे ते वेगळं सांगायला नको.

म्हणून "बिनपॉलिश हळद" असं लिहू नका. नेमकं लिहा: "पॉलिश केलेली, रंग न चढवलेली" किंवा असेल ते. घरच्या चाचणीबद्दल रसायनवाला यांनी गुळात सावध केलं, पण हळदपुडीला एक साधी चाचणी आहे. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, वर चमचाभर पूड सोडा, ढवळू नका. शुद्ध पूड तळाला बसते आणि वरचं पाणी फिकट पिवळं राहतं. रंग मिसळलेला असेल तर पाणी लगेच गडद पिवळं होतं. ही दुकानात सगळ्यांसमोर करता येते. मात्र चाचणीत पास झाली म्हणजे शिसं नाही याची हमी नव्हे, तेवढं सांगत चला.

आणि हळदीची काचेची बरणी दुकानाच्या उन्हाच्या बाजूला मांडू नका. कुरक्युमिन, म्हणजे हळदीचं पिवळं रंगद्रव्य, उजेडात उडतं. आठ दिवसांत तुमचा चांगला माल फिका पडेल आणि गिऱ्हाईक म्हणेल, बघा, यात दम नाही.

विट्याची_ताई
मग पुडीपेक्षा हळकुंडंच विकावीत. मार्च-एप्रिलला वर्षाचं तिखट करायला सगळ्या डंकावर, म्हणजे मसाला कांडायच्या यंत्रावर, जातातच. मिरचीबरोबर किलोभर हळकुंड जाईल. शिवाय हळकुंड मोडून बघता येतं: आतून गडद नारिंगी-पिवळं, मोडताना कट्ट आवाज. बाहेरून मळकट दिसलं तरी मोडल्यावर रंग समोर येतो.

हळदगड्डा
ताई, लाखातलं बोललात. मोडलेलं हळकुंड ताटलीत समोर ठेवायचं. गिऱ्हाइकाला पिवळा रंग हवाच असेल तर तो आतला दाखवायचा. फक्त हळकुंड कोरडं खडखडीत हवं, ओल 10 टक्क्यांच्या आत. ओलसर हळकुंड डंकात चिकटतं आणि पुडीला बुरशी धरते. पूर्वी सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं राहायची ती याच कोरडेपणावर. 2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि ती पद्धत मागे पडली.

कऱ्हाडकर
इथे थोडा विरोध नोंदवतो. सगळा भार गिऱ्हाइकावर आणि गुळव्यावर कशाला? मार्केट यार्डात रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडून, नमुना हातावर घेऊन भाव लागतो, तो रंगावरच. शेतकऱ्याला दोन रंगांतला फरक क्विंटलला रोख दिसतो. दुकानातल्या पाव किलोने तो भरून निघणार नाही. मोठे खरेदीदार वळवा: चिक्कीवाले, मिठाईवाले, लाडू करणारे बचत गट, देवस्थानांचा प्रसाद. त्यांच्या पदार्थात गुळाचा रंग शेवटी झाकलाच जातो. शेंगदाण्याच्या चिक्कीत तपकिरी गुळाला अडचण कसली?

अन्नपूर्णा_मिरज
कऱ्हाडकर दादा, चिक्कीत अडचण आहे, पण रंगाची नाही. चिक्कीला कडक जमणारा गूळ लागतो. साध्या गुळाची चिक्की मऊ पडते किंवा दाताला चिकटते. उपाय पाकात आहे. मंद आचेवर पाक पुढे न्यायचा, थेंब गार पाण्यात टाकून बघायचा. वाकला तर अजून नाही. कटकन मोडला की लगेच उतरवायचा. संक्रांतीला गूळ विकणार असाल तर ही दोन वाक्यं पाकिटासोबत द्याच. नाहीतर तिळाच्या वड्या बिघडतात आणि दोष गुळाला जातो.

तसंच चहाचं. "तुमच्या गुळाने चहा फाटला" ही तक्रार हमखास येणार. जुन्या किंवा ओल लागलेल्या गुळाला आंबूसपणा येतो आणि उकळत्या दुधात तो पडला की दूध फाटतं. रीत अशी: पाणी, आलं, चहापूड उकळून घ्या. दूध वेगळं तापवून त्यात घाला. गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग गूळ घालून ढवळा आणि पुन्हा उकळू नका.

पुरणाला: डाळ पूर्ण शिजल्यावरच गूळ. आधी घातला तर डाळ कितीही शिजवा, कण राहतो. पुरण थोडं गडद दिसेल. पाहुण्यांना वाढायचं म्हणून बायका तिथेच बिचकतात, हे दुकानदाराने समजून घ्यावं.

पेठकर
ताई, ही तीन कृतींची चिठ्ठी हजार रुपयांच्या जाहिरातीपेक्षा भारी आहे. पोस्टकार्डाच्या आकाराची, एका बाजूला चहा आणि पुरण, दुसऱ्या बाजूला तिळाची वडी. माल परत येतो तो बहुतेक वापरताना बिघडल्यामुळे.

कऱ्हाडकर
चिक्कीचं मान्य, मागे घेतो. पण मोठ्या खरेदीदाराचा मुद्दा राहतो. एका मिठाईवाल्याने हंगामाआधी "हायड्रॉसविना, अमुक क्विंटल, अमुक भावाने" असं लिहून दिलं तर गुळव्याला पहिल्या काहिलीपासून घाई करावी लागत नाही. दुकानाच्या कप्प्यातून ओळख होते, घाऊक बोलीतून पद्धत बदलते. दोन्ही पाहिजेत.

गुळव्या_वाळवा
बरोबर हाय. आणि एक विनंती. पाटीवर "विषारी गूळ खाऊ नका" असलं कायबी लिहू नका. पिवळा गूळ करणारा पण आपलाच माणूस हाय. बाजार रंगाला पैसे देतोय म्हणून तो करतोय. त्याला गुन्हेगार ठरवलं तर तो ह्या बाजूला यायचाच नाही. आणि भीतीनं गिऱ्हाईक गूळच सोडून साखरेकडं जाईल.

रसायनवाला
पूर्ण सहमत. भीतीने थांबलेलं गिऱ्हाईक कुठे वळेल ते आपल्या हातात नसतं. चवीने आलेलं टिकतं. चव द्यायची ती पण नीट. ताटल्या दोन, दोन्हींत सारख्या आकाराचे तुकडे, आधी नावं सांगायची नाहीत. 5 ग्रॅमचा तुकडा धरला तर 1 किलोत 200 जणांना चव देता येते. निवड झाली की मग कोणता कसा केला ते सांगायचं. आधी सांगितलं तर माणूस जीभ न वापरता मत देतो. टूथपिक ठेवा, उघड्या बोटांनी नको. झाकण ठेवा, मुंग्या-माश्या दिसल्या तर सगळं वाया.

विट्याची_ताई
भावाचं कोणीच बोललं नाही. सर्वसाधारण घर विचारतं, एवढे जास्त कशाला?

पेठकर
फरक लपवू नका, फोडून दाखवा. समजा किलोला 20 रुपये जास्त आहेत आणि घरात महिन्याला 1 किलो गूळ लागतो. दिवसाला 67 पैसे झाले. आणि जास्तीचे 20 कुठे जातात ते लिहा: शेंडे काढल्याने कमी झालेला रस, मळी काढायला लागणारा वेळ आणि माणूस, तपासणी. ज्या फरकाचं कारण सांगता येत नाही तो फरक लावूच नका. दुप्पट भाव लावून "शुद्धतेची किंमत" म्हणणाऱ्यांनी हा माल श्रीमंतांचा करून ठेवलाय.

चिपाड
पॅकिंगचं राहिलं. एवढं सगळं करून माल जाड प्लॅस्टिकमध्ये बांधला तर गिऱ्हाईक बोट दाखवतंच. पण नुसता कागदही चालत नाही. गूळ हवेतलं पाणी ओढतो. जुलैत कागदी पुडा दोन दिवसांत ओला होऊन चिकटतो, आणि गुळाची पावडर तर त्याहून लवकर गठ्ठा होते, कारण हवा लागणारा पृष्ठभाग जास्त. ऑक्टोबर ते मे बटर पेपर आणि वर पुठ्ठ्याचा खोका चालेल. पावसाळ्यात हवाबंद डब्यातून सुटा विका, गिऱ्हाइकाने घरून डबा आणावा. डबा आणणाऱ्याला वजनात 10 ग्रॅम जास्त द्या. पैशातल्या सवलतीपेक्षा काट्यावर वर टाकलेला खडा लोकांच्या लक्षात राहतो.

काकवी काचेच्या बाटलीत, बाटलीची ठेव 20 रुपये. बाटली गरम पाण्याने आणि धुण्याच्या सोड्याने धुऊन, उलटी ठेवून पूर्ण सुकवायची. झाकण मात्र दर वेळी नवं. जुन्या झाकणाच्या आतल्या चकतीत काकवीचा अंश राहतो आणि नवी भरलेली बाटली फसफसते.

तासगावकर
वर टाकलेला खडा! हे आपल्याकडच्या माणसाला बरोबर कळतं.

कृष्णाकाठ
मंडळी, मनापासून आभार. यातून कप्प्याची पाटी अशी केली आहे, चुका काढा:

"सांगलीचा शुद्ध माल.
गूळ: भेंडीने साफ केलेला, चिपाडावर शिजवलेला, हायड्रॉस नाही.
बेदाणा: गंधकाची धुरी नाही, फ्रीजमध्ये ठेवा.
हळकुंड: वरून रंग नाही, मोडून बघा.
चव घ्या, मग ठरवा. तपासणीचे कागद मागा."

खाली भाव, आणि गुळाच्या भावासमोर दिवसाचा हिशोब. शेजारी चार आठवड्यांच्या बश्यांचे फोटो. काउंटरवर मोडलेलं हळकुंड, दोन ताटल्या, कृतीची चिठ्ठी.

लेबलवाचक
"शुद्ध" काढा. तो शब्द सिद्ध करता येत नाही, आणि खालच्या तीन ओळींनंतर त्याची गरजही नाही. "सांगली" हे नाव बेदाण्याला आणि हळदीला लावताना माल खरोखर मानांकनाच्या हद्दीतला आहे ना आणि विकणारा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला आहे ना ते बघा. नसेल तर नुसतं गावाचं नाव लिहा: तासगावच्या शेडवरचा, वाळव्याच्या गुऱ्हाळातला.

गुळव्या_वाळवा
गुळाच्या ओळीत काहील उतरवल्याची तारीख टाका. खडूनं लिहायला जागा सोडा, दर ढेपेला बदलंल.

अन्नपूर्णा_मिरज
आणि पाटी जरा खाली लावा. लहान मुलं वाचून आईला विचारतात.